चरबी किती, ते टेपला विचारा

दिवाळीनंतरच्या टपालात वजनाची पत्रं नेहमीच असतात. यंदा त्यांत एक नवा शब्द वारंवार दिसला : बॉडी फॅट. ‘माझं फॅट इतके टक्के आहे, काय करू?’ असं विचारणारी पत्रं गावोगावहून आली आहेत. मिरजेत माझ्यासमोर बसणारी माणसंही हल्ली मोबाइल उघडून हाच आकडा दाखवतात. आकड्यामागे धावताना लोकांचे पैसे जातात आणि झोपही जाते, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून या महिन्याचं सगळं सदर याच विषयाला दिलं आहे.

प्रश्न : माझं वय ४२, उंची १५४ सेंटिमीटर, वजन ६२ किलो. मी शिक्षिका आहे. ऑनलाइन सेलमध्ये मोबाइलला जोडता येणारा वजनकाटा घेतला. सकाळी तो ३६.४ टक्के चरबी दाखवतो आणि शाळेतून आल्यावर ३३.९. दिवसभरात एवढी चरबी कमी होते का? जिममधले सर म्हणतात, खरा आकडा हवा असेल तर पुण्याला जाऊन डेक्सा स्कॅन करून घ्या. तो खर्च मला झेपणारा नाही. घरच्या घरी काय करता येईल? — एक शिक्षिका, कराड

उत्तर : नाही ताई, होत नाही. ६२ किलोच्या अडीच टक्के म्हणजे सुमारे दीड किलो. शरीरातल्या एक किलो चरबीत साधारण ७,७०० किलोकॅलरी साठलेल्या असतात. दीड किलो चरबी एका दिवसात जाळायची तर जवळजवळ १२,००० किलोकॅलरी खर्चाव्या लागतील. दिवसभर फळ्यासमोर उभं राहून तेवढ्या खर्च होत नाहीत. तुमची चरबी सकाळी होती तेवढीच संध्याकाळीही आहे. बदललं ते पाणी.

तुमच्या काट्यावर पाय ठेवायच्या जागी धातूच्या पट्ट्या आहेत. तिथून एका पायातून अगदी सौम्य वीज आत जाते आणि दुसऱ्या पायातून बाहेर येते. स्नायूंत पाणी भरपूर, म्हणून तिथून ती सहज जाते. चरबीत पाणी कमी, म्हणून तिथे अडते. किती अडली ते पाहून काटा चरबीचा अंदाज बांधतो. दिवसभर उभं राहिलं की पायांत पाणी उतरतं, वीज सहज जाते आणि काटा चरबी कमी सांगतो. सकाळी घसा कोरडा असताना किंवा तळवे रखरखीत आणि टाचांना भेगा असताना तोच काटा जास्त सांगतो. वीज जवळचा रस्ता धरते : एक पाय, ओटीपोट, दुसरा पाय. पोटाच्या वरच्या भागात आणि पाठीवर काय साठलंय, तिथवर ती नीट पोचतच नाही. दाराबाहेरच्या चपला मोजून घरात किती माणसं आहेत ते सांगावं, तसा हा अंदाज आहे.

एक प्रयोग करून पाहा. अ‍ॅपमध्ये तुमचं वय ४२ च्या जागी २५ घाला, किंवा ‘अ‍ॅथलीट’ असा पर्याय असेल तर तो निवडा आणि लगेच पुन्हा काट्यावर उभ्या राहा. शरीर तेच असूनही बहुतेक काट्यांवर टक्का बदलेल. त्या टक्क्यातला मोठा भाग तुमची उंची, वय, वजन आणि लिंग यांवरच बेतलेला असतो.

काटा घेतलाच आहे तर फेकू नका. सकाळी उठून शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, अनवाणी, तेवढ्याच कपड्यांत उभ्या राहा आणि फक्त किलोचा आकडा लिहून ठेवा. टक्क्याकडे पाहायचंच असेल तर महिन्या-दोन महिन्यांचा कल पाहा, रोजचा आकडा नको. आदल्या रात्री पापड-लोणचं जास्त झालं, संकष्टीचा उपास होता, पाळी जवळ आली, तरी किलो-दीड किलो इकडचं तिकडे होतं. तेही पाणीच. घरात कुणाला पेसमेकर बसवलेला असेल तर त्यांना या काट्यावर उभं करू नका. गरोदर बाईनेही त्यातला चरबीचा पर्याय वापरू नये.

डेक्साबद्दल तुमच्या सरांचं म्हणणं चूक नाही. ते हाडांची घनता पाहायचं क्ष-किरणांचं यंत्र आहे आणि चरबी, स्नायू, हाडं वेगवेगळी दाखवतं. पण एकदा जाऊन आकडा आणला, पुढे काय? तुम्हाला हवंय ते महिन्यामागून महिना बदल पाहणं. त्यासाठी दर वेळी पुण्याला जायची गरज नाही. शिवणाच्या दुकानातली टेप पुरे. ती दोन चहांच्या पैशांत मिळते.

टेप घेतल्यावर आधी ती शाळेतल्या स्टीलच्या फूटपट्टीशी ताडून पाहा. कापडी टेप वापरून वापरून ताणली जाते, म्हणून फायबरग्लासची घ्या आणि इंचांच्या बाजूने न मोजता सेंटिमीटरच्या बाजूने मोजा.

आता कंबर म्हणजे नेमकी कुठे, ते नीट समजून घ्या, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. साडी नेसतो ती कंबर, परकराची नाडी रुतते ती कंबर आणि पँटचा पट्टा बसतो ती कंबर या तिन्ही जागा वेगळ्या आहेत आणि मोजण्याची जागा यांतली एकही नाही. आरशासमोर उभ्या राहा. बाजूने बोटं दाबत सगळ्यात खालची बरगडी शोधा. मग खालून वर येत कमरेच्या हाडाची वरची कड शोधा. या दोहोंच्या बरोबर मध्ये पेनाने छोटी खूण करा. त्या खुणेवरून टेप फिरवा, थेट त्वचेवर, जमिनीला समांतर. पाठीमागे ती खाली घसरत नाही ना, ते आरशात बघा. पोट आत ओढू नका, फुगवूही नका. नेहमीसारखा श्वास सोडा आणि तो संपता संपता आकडा वाचा. टेप अंगाला टेकावी, रुतू नये. दोनदा मोजा. दोन्हींत एक सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा मोजा. पाळी सुरू असेल तर ती संपल्यावर मोजा आणि दर महिन्याला तोच काळ धरा.

समजा, तुमची कंबर ८८ आली. टक्काच हवा असेल तर एक सोपं गणित आहे. लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय वैद्यकीय केंद्रातल्या वूलकॉट आणि बर्गमन या संशोधकांनी २०१८ मध्ये ते मांडलं. उंचीला कमरेने भागा, २० ने गुणा, आणि बाईचं असेल तर उत्तर ७६ मधून वजा करा. पुरुषासाठी ७६ च्या जागी ६४. तुमचं गणित असं : १५४ भागिले ८८ म्हणजे १.७५, गुणिले २० म्हणजे ३५, ७६ मधून ३५ गेले, उरले ४१. वजन यात कुठेच नाही, काटाही लागत नाही.

दुसरी पद्धत अमेरिकी नौदलाची. हॉजडन आणि बेकेट यांनी १९८४ मध्ये ती बसवली. बायकांसाठी मान, कंबर आणि नितंबांचा घेर लागतो, पुरुषांसाठी मान आणि कंबर. बायकांची कंबर इथे सगळ्यात बारीक जागी मोजतात, पुरुषांची बेंबीच्या पातळीवर. सूत्रात लॉगॅरिदम आहे, त्यामुळे ते मोबाइलवरच करावं लागतं. तुमची बारीक जागेची कंबर ८५, नितंब १०० आणि मान ३३ धरली तर उत्तर साडेसदतीसच्या आसपास येतं.

म्हणजे एका बाईला चार आकडे मिळाले : ३३.९, ३६.४, ३७.५ आणि ४१. यातला खरा कोणता, या प्रश्नावर तुम्ही वेळ घालवू नये असं मला कळकळीने वाटतं. दोन्ही सूत्रं अमेरिकेतल्या माणसांच्या मापांवर बसवली आहेत. कराडच्या बाईला ती तंतोतंत बसावीत अशी अपेक्षाच धरू नका. चारही आकडे एकच गोष्ट सांगताहेत, की चरबी गरजेपेक्षा जास्त आहे. भारतीय बायकांत ३० टक्क्यांच्या पुढे ती जास्त मानतात. पुढच्या कामाला ८८ हा एकच आकडा पुरे. तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकटीत लिहा आणि दर महिन्याला तेच करा. एका सेंटिमीटरची घट हातच्या चुकीतही येऊ शकते, म्हणून लगेच हुरळू नका आणि एकाने वाढली तर घाबरूही नका. दोन-तीन महिन्यांत कंबर ८८ ची ८५ झाली, तर ती खरोखर उतरली आहे. काटा काहीही म्हणो.

प्रश्न : माझे मिस्टर यंत्रमागावर काम करतात, बहुतेक रात्रपाळी असते. वय ३९, उंची १६५, वजन ६०. हातपाय काडीसारखे, पण पोट पुढे आलंय. परवा शिबिरात तपासलं तर शुगर ‘काठावर’ निघाली. घरातले म्हणतात, एवढ्या किडकिडीत माणसाला कसली शुगर, मशीनच बिघडलं असेल. त्यांच्या अंगात चरबी आहे हे कशावरून ओळखायचं? — इचलकरंजीहून एक गृहिणी

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण अशी माणसं आपल्याकडे फार आहेत आणि ‘बारीक आहे ना, मग काही होत नाही’ म्हणत ती वर्षानुवर्षं तपासणीशिवाय राहतात.

वहिनी, आधी मिस्टरांचा बीएमआय पाहू. ६० किलोला १.६५ मीटरच्या वर्गाने भागलं की २२ येतो. भारतीयांसाठी २३ च्या पुढे वजन जास्त आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. म्हणजे आपल्या कडक मोजमापातही ते पास झाले. पण बीएमआय हे वजन आणि उंचीचं गणित आहे, ते वजन कशाचं हे त्याला कळत नाही. मुळात ते बेल्जियमच्या केटले या संख्याशास्त्रज्ञाचं गणित, एकोणिसाव्या शतकातलं. त्याला सरासरी माणूस शोधायचा होता, कुणाचा आजार नव्हे. त्याला बॉडी मास इंडेक्स हे नावही १९७२ मध्ये अ‍ॅन्सेल कीज यांनी दिलं.

याबाबत जगाला शिकवणारं काम आपल्या पुण्यात झालंय. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे त्यांचे सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा एकत्र फोटो छापला. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. मग डेक्सावर चरबी पाहिली, तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजन आणि उंचीचा मेळ तोच, पण पुणेकराच्या अंगात दुपटीहून जास्त चरबी! वरून बारीक, आतून चरबीवाला हा भारतीय शरीराचा साचा तेव्हापासून जगभरच्या डॉक्टरांच्या तोंडी आहे.

याची मुळं आईच्या पोटात आहेत, असंही याच गटाने दाखवलं. पुण्याजवळच्या सहा गावांत त्यांनी १९९३ पासून गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलो होतं, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं लहानखुरी, स्नायू कमी, पण पाठीवरची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. त्यामुळे मिस्टरांना याबद्दल दोष देऊ नका. अंगकाठी त्यांनी निवडलेली नाही.

२०२३ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष आले. बीएमआयने पाहिलं तर २८.६ टक्के प्रौढ लठ्ठ होते, कमरेने पाहिलं तर ३९.५ टक्के. काट्याने सोडलेली पण टेपने पकडलेली माणसं या दोन आकड्यांमधल्या फरकात आहेत, आणि तुमचे मिस्टर बहुधा त्यांतलेच.

वरच्या उत्तरात सांगितलंय तशी त्यांची कंबर मोजा. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत आणि बाईची ८० च्या आत असावी. दुसरा नियम उंचीच्या निम्म्याचा : कंबर उंचीच्या अर्ध्यापेक्षा कमी हवी. मिस्टरांसाठी ते साडेब्याऐंशी होतं. समजा, कंबर ९२ भरली, तर मघाच्या गणिताने चरबी येते २८ टक्के. पुरुषाला २५ च्या पुढे ती जास्तच. हातापायांवर ती दिसत नाही, कारण ती पोटाच्या आत, आतड्यांभोवती आणि यकृतात बसते. साखर बिघडवते ती हीच.

आता महत्त्वाचं. त्यांना उपाशी ठेवू नका. जेवण तोडलं की आधीच बारीक असलेले हातपाय आणखी वाळतील. खाल्लेली साखर वापरणारे स्नायूच असतात, ते गेले तर शुगर आणखी बिघडेल. म्हणून तुमच्या घरी टेपने दोन मापं घ्या. एक कंबर. दुसरा दंड : खांद्याचं टोक आणि कोपर यांच्या मध्यावर, हात सैल सोडून. कंबर उतरतेय आणि दंड तेवढाच आहे किंवा वाढतोय, तर समजा सगळं बरोबर चाललंय. दोन्ही उतरताहेत तर जेवणात डाळ, उसळ, अंडी, दही वाढवा आणि जोर-बैठका सुरू करा. भिंतीला हात टेकून मारलेले जोरही चालतात. रात्रपाळीत पुन्हा पुन्हा होणारा गोड चहा आणि त्याबरोबरची खारी हा मात्र पहिला कापायचा भाग. आणि मशीनला दोष देण्याआधी एचबीए१सी ही, गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ताची तपासणी करून घ्या. काठावरून मागे येता येतं, पण त्यासाठी काठावर आहोत हे मान्य करावं लागतं.

प्रश्न : मी पोलीस भरतीची तयारी करतोय. वय २१. चरबी मोजायला प्लास्टिकचा कॅलिपर मागवला. एकाच जागी तीन वेळा मोजलं तर तीन वेगळे आकडे येतात. तो खराब आहे का? — नांदेड

उत्तर : बाळा, कॅलिपर बहुधा ठीक आहे, हाताला सराव हवा. चिमट्यात त्वचा आणि तिच्याखालची चरबी धरून तिची जाडी मिलिमीटरमध्ये मोजायची, एवढंच त्याचं काम. प्रयोगशाळेतल्या कॅलिपरला ठरावीक दाबाची स्प्रिंग असते. स्वस्तातल्यात तो दाब तुझ्या अंगठ्याचा, म्हणून आकडे बदलतात. ठरावीक दाब झाला की ‘टिक्’ वाजणारा असेल तर तो आवाज येईपर्यंतच दाब, पुढे नको.

तुझ्यासाठी तीन जागा पुरेत : छाती, पोट, मांडी. पुरुषांसाठी जॅक्सन आणि पोलॉक यांनी १९७८ मध्ये दिलेल्या सूत्रातल्या याच जागा. छातीवर काखेची पुढची घडी आणि स्तनाग्र यांच्या मध्ये, तिरका चिमटा. पोटावर बेंबीच्या उजवीकडे दोन सेंटिमीटरवर, उभा. मांडीवर जांघ आणि गुडघ्याची वाटी यांच्या मध्यावर, उभा. सगळं उजव्या अंगाला, स्केचपेनने खुणा करून. डाव्या हाताच्या अंगठ्याने आणि तर्जनीने त्वचा वर उचलून धर, खालचा स्नायू त्यात येऊ देऊ नकोस. बोटांच्या एक सेंटिमीटर खाली कॅलिपर लाव, दोन सेकंद थांब, मग वाच. तिन्ही जागा एकदा फिरून झाल्या की पुन्हा पहिल्यापासून. एकाच जागी लागोपाठ चिमटे घेतले तर ती जागा दबते आणि आकडा घसरतो. धावून आल्यावर किंवा गरम पाण्याने आंघोळ केल्यावर मोजू नकोस. पहिले दोन आठवडे नुसता सराव म्हणून मोज आणि ते आकडे विसरून जा. मित्राने मोजायचं असेल तर दर वेळी त्याच मित्राने.

तीन आकड्यांची बेरीज वहीत लिही आणि तिथेच थांब, टक्क्यात बदलू नकोस. ती कोष्टकं परक्या देशातल्या अंगांवर बेतलेली आहेत आणि तुला त्या टक्क्याचा उपयोगही नाही. बेरीज ६२ ची ५१ झाली तर त्वचेखालची चरबी उतरली, यात शंका नाही.

पण भरतीसाठी हे कितपत हवं, असं विचारलंस तर मी म्हणेन, फार नाही. तिथे तुझे १,६०० मीटर घड्याळावर मोजणार आहेत आणि छाती टेपने : न फुगवता ७९ आणि फुगवून ५ सेंटिमीटर वाढ. चरबी कुणी विचारणार नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली एक गोष्ट तुझ्या उपयोगाची आहे. अमेरिकी नौदलातले डॉ. बेन्के यांनी २५ व्यावसायिक फुटबॉलपटू तपासले. वजन-उंचीच्या तक्त्याप्रमाणे त्यांतले १७ जण अपात्र ठरत होते. बेन्के यांनी त्यांना पाण्याखाली तोलून शरीराची घनता काढली, तेव्हा कळलं की त्यांतल्या बहुतेकांचं जादा वजन स्नायूंचं होतं. हे संशोधन १९४२ मध्ये छापून आलं. तेव्हा तालमीतल्या पैलवान मित्रांचं वजन पाहून तू जेवण तोडू नकोस. पोटभर भाकरी, भरपूर डाळ, शेंगदाणे आणि रात्रीची झोप, यांत काटकसर नको.

प्रश्न : माझ्या आईचं वय ७१. सहा महिन्यांत तिचं वजन ५८ वरून ५३ झालं. पोट मात्र तेवढंच दिसतं. ती खूश आहे, म्हणते चरबी गेली. तुम्ही काय म्हणाल? — चिपळूणहून एक मुलगी

उत्तर : मी म्हणेन, या आठवड्यात आईला डॉक्टरांकडे न्या. मुद्दाम प्रयत्न न करता सहा महिन्यांत पाच टक्क्यांहून जास्त वजन गेलं तर कारण शोधावंच लागतं. तुमच्या आईचं साडेआठ टक्के गेलंय. मधुमेह, थायरॉइड, दातांचा त्रास, मनातली उदासी, आणखीही काही असू शकतं. पोट तेवढंच आणि वजन कमी, याचा अर्थ बहुधा स्नायू गेले.

डॉक्टरांकडे जाईपर्यंत घरी एक साधी परीक्षा करा. आईला खुर्चीवर बसवा. दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या जोडून तिला कडं करायला सांगा आणि ते पोटरीच्या सगळ्यात जाड भागाभोवती घालायला सांगा. जपानमध्ये म्हाताऱ्या माणसांसाठी हीच परीक्षा वापरतात. बोटं एकमेकांना टेकत नसतील तर चांगलं. टेकून वर फट राहत असेल तर स्नायू कमी झालेत. टेपने पाहायचं तर बाईच्या पोटरीचा घेर ३३ सेंटिमीटरपेक्षा कमी नसावा, पुरुषाचा ३४ पेक्षा. मग हात छातीशी घेऊन खुर्चीवरून पाच वेळा उठायला-बसायला सांगा, तुम्ही शेजारी उभ्या राहून. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर ताकद घटली आहे. आईच्या वयात चरबीच्या टक्क्यापेक्षा ही पोटरी जपायची असते. मासे तिला आवडत असतील तर रोज वाढा.

प्रश्न : मुलगी १२ वर्षांची आहे, थोडी गुटगुटीत. काट्यावर तिचं फॅट बघून तक्ता ठेवावा का? — ठाणे

उत्तर : नाही. वाढत्या वयात, पाळी सुरू होण्याच्या आसपास मुलीच्या अंगात चरबी वाढणं हे निसर्गाचं काम आहे आणि मोठ्यांसाठीचा काटा तिच्याबाबतीत काहीही सांगेल. वर्षातून एक-दोनदा बालरोगतज्ज्ञांकडून उंची-वजनाचा आलेख पाहून घ्या. घरात तिच्यासमोर टक्के, किलो, ‘जाडी’ हे शब्द नकोत. कृपा करून नकोत. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी मोठ्या बायका त्या वयात ऐकलेला एखादा शब्द अजून बोलून दाखवतात.

प्रश्न : मी आशा सेविका आहे. रक्तदाब-मधुमेहासारख्या आजारांचा धोका पाहणारा फॉर्म भरताना बायकांची कंबर मोजावी लागते. पण ८४ सांगितलं काय आणि ९४ सांगितलं काय, त्यांना काही वाटत नाही. म्हाताऱ्या बायका नऊवारीत असतात, टेप लावू देत नाहीत. समजावायचं कसं? — जत तालुका

उत्तर : ताई, तुमच्या कामाबद्दल मला फार आदर आहे. त्या फॉर्ममध्ये कमरेला गुण आहेत, हे इथल्या वाचकांनाही कळू दे : बाईची कंबर ८० पर्यंत असेल तर शून्य, ९० पर्यंत एक, त्यापुढे दोन. वय, तंबाखू, दारू, व्यायाम आणि घरातल्यांचे आजार यांचे गुण मिळवून बेरीज चारच्या वर गेली की त्या व्यक्तीला तपासणीसाठी आधी पाठवायचं.

फॉर्मसाठी टेप लागेलच. समजावण्यासाठी दोरी वापरा. न ताणणारी सुती दोरी घ्या, लोकरीचा धागा नको. बाईला भिंतीला टेकून उभं करा, टाचेपासून डोक्यापर्यंत दोरी धरून तिच्या उंचीएवढी कापा. ती बरोबर मध्ये दुमडा. आता ही दुमडलेली दोरी तिला स्वतःच्या हाताने कमरेभोवती लावू दे. टोकं जुळली तर कंबर उंचीच्या निम्म्याच्या आत आहे. जुळली नाहीत तर पोटावर चरबी जास्त आहे. आकडा वाचता यायला नको, तुमचा हात लागायला नको, आणि दोरी तिच्याच उंचीची असल्याने ‘मी बुटकी आहे’, ‘मी थोराड आहे’ हे म्हणणंही उरत नाही.

नऊवारीतल्या आजींना आतल्या खोलीत त्यांच्या सुनेबरोबर पाठवा, कासोटा सैल करून सूनच दोरी लावेल. सुनेला आधी अंगणात करून दाखवा, म्हणजे तिचीही कंबर मोजून होते. आणि पुरुषांना विसरू नका. पारावर बसणाऱ्यांची पोटं बायकांपेक्षा जास्त वेळा दोरीबाहेर जातात, असा माझा अनुभव आहे. दोरी अपुरी पडेल आणि वय तीसच्या पुढे असेल, त्या प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर उपकेंद्रात मोफत तपासून मिळते. तो वार कोणता, ते दोरी त्यांच्या हातात असतानाच सांगून या.